पारख्याची अर्धी कवळी

आमच्या जाधववाडीच्या धान्याच्या मोंढ्यात कडूबाला ओळखत नाही असा मापाडी नाही आणि हमालही नाही. तात्यासाहेबांच्या आडतीवर तो तीस-बत्तीस वर्षं पारखी आहे. शेतकऱ्याचा माल बघायचा, हुंगायचा, चावायचा आणि तो कसा आहे ते मालकाला सांगायचं, हे त्याचं काम. मका ही त्याची खास जिन्नस. दिवाळीच्या पुढंमागं सिल्लोड-फुलंब्रीकडून मक्याच्या गाड्या येऊ लागल्या की कडूबा पोत्याच्या तळाशी कोपरापर्यंत हात घालायचा, मूठभर दाणे वर काढायचा आणि त्यातला एक उजव्या दाढेखाली धरायचा. 'कट्' असा आवाज आला की माल कोरडा. दाणा दबला, दाढेला चिकटला, की ओला. मग शेतकरी कितीही शपथा घेवो.

तळाशी हात घालायची सवय मात्र त्यानं मोंढ्यात ठेवली नाही, घरी आणली. दळण घरी आलं की तो डब्यात खालपर्यंत हात घालून पीठ बघायचा. बायको दगडाबाई देवळात जाते म्हणाली, तर "आज कोणता वार हाय?" असं विचारायचा. मुलगा गोकुळ शेंद्र्याच्या कारखान्यात लागला, तेव्हा पहिल्याच आठवड्यात कडूबा रिक्षा करून तिथल्या फाटकावर गेला आणि असा कुणी गोकुळ आत कामाला आहे का, हे वॉचमनला विचारून आला. गोकुळ महिनाभर त्याच्याशी बोलला नाही. कडूबाला त्यात काही चुकल्यासारखं वाटलं नाही. "बघितल्याबिगर मी देवाचा अंगाराबी लावत नाय," तो म्हणायचा.

तीस वर्षं मका चावून दात काय तसेच राहणार होते? उजवीकडच्या खालच्या दाढा आधी झिजल्या, मग तडकल्या. एकेक करून तिन्ही गेल्या. डावीकडच्याही दोन गेल्या. साखरेचा आजार होताच, त्यानं हिरड्या सैल केल्या. कडूबानं यातलं काहीच मोंढ्यात कुणाला कळू दिलं नाही. तो पुढच्या दातांनी दाणा तोडू लागला. भाकरी मात्र पुढच्या दातांनी खाता येईना. दगडाबाई ती आमटीत कुस्करून द्यायची आणि तो भिंतीकडं तोंड करून खायचा.

गेल्या दिवाळीनंतर ती ऐंशी पोत्यांची भानगड झाली.

अवकाळी पाऊस होऊन गेला होता. एका मोठ्या शेतकऱ्याचा मका आला. कडूबानं पाच-सहा पोत्यांत हात घातला, दाणे तोडले आणि 'कोरडा' म्हणून सांगितलं. माल गोदामात गेला. वीस दिवसांनी गोदाम उघडलं तर वाफ अंगावर आली. पोत्यांत हात ठेवता येईना इतकी आत गरमी, आणि दाणे काळे-हिरवे पडलेले. तात्यासाहेब दारातच उभे राहिले. ते मोठ्या घरातले, बोलायला मोजके. त्यांनी फक्त कडूबाकडं बघितलं.

"मी पास केला तो माल हा नव्हं," कडूबा म्हणाला. "पोती बदलली कुणीतरी."

गोदामाची किल्ली पुंडलिककडं असायची. पुंडलिक चाळिशीतला हमाल, दहा वर्षं त्याच आडतीवर. कडूबानं त्याला दोन दिवस आधी मागच्या दारात एका टेम्पोवाल्याशी बोलताना बघितलं होतं. ते त्यानं सगळ्या हमालांसमोर सांगितलं. पुंडलिक म्हणाला, तो टेम्पोवाला माझा मेव्हणा, पोरीच्या स्थळाचं बोलत होतो. कडूबा हसला. असली कारणं त्यानं उभ्या जन्मात लई ऐकली होती. तात्यासाहेबांनी पुंडलिकला चोर म्हटलं नाही, फक्त दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणाले. त्याचा अर्थ मोंढ्यात सगळ्यांना कळला.

पुढच्या आठवड्यात आडतीवर ओलावा मोजायचं मशीन आलं. वरच्या कपात दाणे टाकायचे, बटण दाबायचं, आकडा दिसतो. कडूबा त्याच्याकडं सवतीकडं बघावं तसा बघायचा. एक दिवस तात्यासाहेब त्याला म्हणाले, "कडूबा, दात बसवून घे. तोंडात काही राहिलं नाही तुझ्या. मला काय दिसत नाही का?"

म्हणजे मालकाला ठाऊक होतं. आणि ठाऊक असून एवढ्या मायेनं का बोलतो? कडूबा त्या दिवशी घरी येऊन दगडाबाईला म्हणाला, "मला काढायचा डाव हाय."

"आवं, दात बसव म्हणणारा माणूस काढील कशाला?"

"आधी दात बसवायला लावायचे, मग म्हणायचं, आता तुझे दात खोटे, तुझी पारख खोटी."

दगडाबाईनं त्या दिवसापासून भाकरी कुस्करायची थांबवली. तिसऱ्या दिवशी कडूबा निघाला.

पहिला दवाखाना काचेचा होता. तिथल्या डॉक्टरानं तोंडाचा फोटो काढून पडद्यावर दाखवला आणि हाडात स्क्रू बसवून पक्के दात करू म्हणाला. कडूबानं 'साखरेचं काय' असं विचारलं, तर "ते बघू नंतर" असं उत्तर आलं. जे नंतर बघायचं तेच आधी बघायचं असतं, हे कडूबाला मोंढ्यानं शिकवलं होतं. तो पाणी प्यायला म्हणून उठला आणि परत गेला नाही.

दुसरा दवाखाना टी.व्ही. सेंटरकडचा, एका खोलीचा. डॉक्टर हिमानी तिशीची, चष्मेवाली. तिनं बराच वेळ तोंडात आरसा फिरवला, साखरेचा कागद वाचला आणि म्हणाली, "काका, तुम्हाला पार्शल डेंचर करू या. अर्धी कवळी म्हणा. जिथले दात गेलेत तेवढेच दात एका पट्टीवर बसवायचे, आणि तारेच्या आकड्यांनी ती पट्टी उरलेल्या दातांना धरून ठेवायची. काढता-घालता येते."

"दुसरीकडं तर स्क्रू म्हणले."

"स्क्रूही होतात. पण तुमची साखर फार वर आहे, आधी ती खाली आणायला हवी. आणि दाढा जाऊन बरीच वर्षं झालीत, तिथलं हाड बसलंय."

"आन् तो पूल का काय करतात तो?"

"पुलाला दोन्हीकडं खांब लागतो ना? उजवीकडं मागच्या बाजूला तुमचा एकही दात उरलेला नाही. एका खांबावर पूल कसा टाकू?"

कडूबाला हे पटलं. आणि पटलं म्हणूनच त्याचा संशय वाढला. इतक्या सहज पटवणारी माणसंच माल खपवतात, असा त्याचा अनुभव. ही बाई स्वस्तातली वस्तू आपण होऊन का सांगते?

"ह्याच्यात खोट काय हाय, ते सांगा," तो म्हणाला.

हिमानीनं चष्मा वर केला. "बऱ्याच आहेत. पहिले काही दिवस तोंडात गोटा ठेवल्यासारखं वाटेल. लाळ सुटेल, बोलताना जीभ अडखळेल. हिरडीला कुठंतरी टोचेल, मग मला ते घासून द्यावं लागेल. झोपताना काढून पाण्यात ठेवायची, रोज घासायची. आकडे ज्या दातांना धरतात ते दात नीट घासले नाहीत तर किडतील. काही वर्षांनी हाड आणखी बसलं की ती सैल होईल, खालून पुन्हा अस्तर करावं लागेल. आणि सुपारी-बिपारी चावलीत तर मोडेल."

कडूबा खुर्चीतून उठून बाहेर आला. बाकड्यावर हर्सूलची एक साठीची बाई बसली होती, सारजाबाई नावाची. अंगणवाडीत मदतनीस म्हणून तिचा जन्म गेला होता. कडूबानं तिला हळूच विचारलं, "ह्या बाईनं तुम्हाला फसवलं का नाय अजून?"

सारजाबाईनं त्याच्याकडं बघितलं, तोंडात बोट घातलं आणि आपली अर्धी कवळी काढून त्याच्यापुढं तळहातावर धरली. "हे बघा दादा. चार वर्सं झाली. पहिला महिना मी ह्या बाईला लई शिव्या दिल्या. आता शेंगदाणे खाते. भाजलेले, बरं का. घ्या, बघा हातात घिऊन."

कडूबानं हातात घेतली नाही, पण वाकून चारी बाजूंनी बघितली.

दोन दिवसांनी तो माप द्यायला आला. खालच्या जबड्याला गुलाबी लगदा भरलेला ट्रे लावला, तो घट्ट झाल्यावर काढला आणि त्यात पांढरं प्लास्टर ओतलं. बाकीचे लोक इथंच घरी जातात. कडूबा प्लास्टर वाळेपर्यंत बाकड्यावर बसून राहिला. साचा बाहेर आला तसा म्हणाला, "ह्याच्यावर माझी खूण करू द्या."

"काका, चिठ्ठी लावणार आहे मी तुमच्या नावाची."

"चिठ्ठी काय, कुणीबी लावतं."

हिमानीला हसू आलं. तिनं एक टोकदार हत्यार त्याच्या हातात दिलं. कडूबानं साच्याच्या बुडाला दोन तिरक्या रेघा आणि मध्ये एक टिंब कोरलं. आडतीवर पास झालेल्या पोत्यांवर तो हीच खूण करायचा.

दहा-बारा दिवसांत कवळी तयार होऊन लॅबमधून आली. हिमानीनं ती बसवायला घेतली. बसेना. उजवा आकडा दातावर चढेना, डावीकडं पट्टी उचलली जायची. तिनं छोट्या मशीननं थोडं घासलं, पुन्हा लावलं. पुन्हा घासलं. कडूबानं दोनदा सहन केलं. तिसऱ्या वेळी हात वर केला.

"बाई, थांबा. हे माझं नाय."

"सुरुवातीला सगळ्यांना असंच वाटतं, काका. अजून थोडं घासलं की बसेल."

"सगळ्यांना काय वाटतं ते मला ठाव नाय. साचा दाखवा."

हिमानीचा चेहरा जरा आक्रसला. बाहेर चार माणसं थांबलेली होती. पण तिनं डब्यातला साचा काढून त्याच्या हातात दिला. डब्यावर चिठ्ठी कडूबाच्याच नावाची होती. कडूबानं साचा उलटा केला. बूड कोरं होतं.

हिमानीनं तो साचा परत घेतला, उजेडाकडं धरला आणि खुर्चीवर बसली. मग लॅबला फोन लावला. त्याच दिवशी आणखी एका माणसाचं माप गेलं होतं, त्याच्याही साधारण त्याच जागेच्या दाढा नव्हत्या. डबे भरताना चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती. तिनं फोन ठेवला.

"काका, लॅबची चूक झालीच, पण त्याहून माझी मोठी. मी साचा तोंडाशी पडताळून बघायला हवा होता. मी चिठ्ठीवर भरवसा ठेवला. तुम्ही अडवलं नसतं तर मी घासून घासून दुसऱ्याची कवळी तुमच्या तोंडात बसवली असती, आणि टोचतंय म्हणालात तर सवय होईल म्हणून सांगितलं असतं."

कडूबाला भांडायचं होतं. त्यानं मनात शब्द जुळवूनही ठेवले होते. पण तीस वर्षांत त्यानं ज्या ज्या माणसाला तळाचा ओला माल हातात धरून दाखवला होता, त्यातल्या एकानंही 'होय, चूक माझी' म्हटलं नव्हतं. कुणी पावसावर ढकललं, कुणी पोरावर, कुणी हमालावर. त्यानं जुळवलेले शब्द तसेच राहू दिले. "बरं," तो म्हणाला, "माझी कधी येईल?"

त्याची आली ती दोन मिनिटांत बसली.

बसली म्हणजे सुख झालं असं नाही. सारजाबाई बोलली ते खरं निघालं. जीभ जागा शोधत फिरायची, 'स' आणि 'श' तोंडातून शिट्टीसारखे निघायचे. डावीकडं हिरडी सोलवटली. कडूबा दोनदा जाऊन घासून घेऊन आला, आणि दोन्ही वेळा घासताना आरसा हातात घेऊन बघत बसला. धुताना खाली पाण्याचं भगुणं ठेवायला डॉक्टरनं सांगितलं होतं, पडली तर मोडू नये म्हणून. ते मात्र त्यानं काही न विचारता ऐकलं. विसाव्या दिवशी दगडाबाईनं त्याच्या ताटात अख्खी भाकरी वाढली आणि समोरच बसली. त्यानं तुकडा मोडला, ठेच्याला लावला, दोन्ही बाजूंनी चावला. सावकाश, पण चावला. भिंतीकडं तोंड केलं नाही.

"कशी लागती?" तिनं विचारलं.

"मीठ कमी हाय," तो म्हणाला. दगडाबाईला ते ऐकून बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं मोंढ्यात मक्याचा दाणा नव्या दाढेखाली धरला, हळूच. काहीच कळलं नाही. दाणा तिथं आहे एवढं कळायचं. तो दबतोय की फुटतोय, याची काही खबर वर येईना. दुसरा धरला, तिसरा धरला. तेच. संध्याकाळी तो दवाखान्यात गेला.

"जाणीव दाताच्या मुळाला असते, काका," हिमानी म्हणाली. "ह्या दातांना मूळच नाही. हे जेवायला आहेत. आणि मी सांगितलं होतं ना, कडक दाणे नका चावू."

"मग दाढा गेल्यावर मी पुढच्या दातानं चावून सांगत होतो, ते?"

तिनं बोटानं त्याचे पुढचे दात हलवून बघितले. "तुमचे पुढचे दोन दात हलतायत. त्यांच्यावर मी तरी भरवसा ठेवला नसता."

कडूबा पायीच घरी आला. टी.व्ही. सेंटर ते घर हा अर्ध्या तासाचा रस्ता. 'ही कोण सांगणार मला,' असं तो पहिल्या चौकापर्यंत म्हणत होता. त्याच्या पुढं ते म्हणणं टिकेना.

दोन दिवसांनी तो मोंढ्यात सगळ्यांच्या आधी पोचला. मशीनवरचं कापड काढलं. पण मशीनवरही त्याचा विश्वास नव्हताच. म्हणून आदल्या दिवशी त्यानं घरी मक्याच्या चार पुरचुंड्या केल्या होत्या. एक उन्हात खडखडीत वाळवलेली, एक तशीच, एक ओल्या फडक्यात गुंडाळलेली, एक पाण्यात भिजवून निथळलेली. कोणती कशी, हे त्याला ठाऊक होतं. मशीननं चारही बरोबर सांगितल्या. मग त्यानं डोळे मिटले, पुरचुंड्या अदलाबदल केल्या आणि पुढच्या दातांनी एकेक दाणा तोडला. खडखडीत वाळलेली ओळखू आली. भिजवलेली ओळखू आली. मधल्या दोन त्याला सारख्याच लागल्या. पुन्हा केलं. पुन्हा सारख्याच. ओल्या फडक्यातली त्यानं दोनदा 'कोरडी' म्हणून बाजूला ठेवली.

तो तिथंच पोत्यावर बसला. जन्मभर त्यानं सगळ्यांच्या तळाशी हात घातला होता. आपल्या तोंडाच्या तळाशी काय आहे हे मात्र त्यानं कधी बघितलं नव्हतं. ती ऐंशी पोती कुणी बदललीच नव्हती.

पुंडलिक मुकुंदवाडीत राहायचा आणि आता एका सिमेंटच्या दुकानावर गाड्या उतरवायचा. कडूबा तिथं गेला तेव्हा तो पाठीवर गोणी घेऊन चालला होता. त्यानं गोणी टाकली, अंग झटकलं.

"काय नाना? हितं काय गेलं तुमचं चोरीला?"

कडूबानं सांगितलं. दाढांचं, पुढच्या दातांचं, चार पुरचुंड्यांचं. शेवटी म्हणाला, "माल वलाच होता. चूक माझी होती."

पुंडलिक सिमेंटनं भरलेल्या पापण्यांतून बघत राहिला. "पोरीचं स्थळ मोडलं माझ्या. हमालाला कामावरनं का काढलं, हे पाव्हण्यांना कळतं. हे मला हितं कोपऱ्यात कशाला सांगता? ज्यांच्यापुढं बोलले त्यांच्यापुढं सांगा." आणि त्यानं पुढची गोणी उचलली.

दुसऱ्या दिवशी लिलावाला आडतीपुढं हमाल, मापाडी, शेतकरी जमले होते. तात्यासाहेब गादीवर होते. कडूबा मध्ये उभा राहिला आणि बोलू लागला. 'संशय' म्हणायला गेला तर शिट्टी वाजली. कुणीतरी मागून ओरडलं, "नाना, तोंडात गोटी हाय का?" लोक हसले. कडूबानं तोंडात बोट घातलं, कवळी काढली, रुमालात गुंडाळून खिशात ठेवली. मोंढ्यात आजवर त्यानं कुणाला न दाखवलेलं बोळकं सगळ्यांना दिसलं. मग तो सरळ बोलला.

"दिवाळीनंतरचा तो ऐंशी पोती मका मी पास केला. माझ्या दाढा गेल्या होत्या. मला कळत नव्हतं, आन् कळत नाय हेबी मी बोललो नाय. पुंडलिकनं काय केलं नव्हतं. मी त्याला चोर केला."

हसणं थांबलं होतं. तात्यासाहेब गादीवरून उठून पुढं आले. मग विचारलं, "तेव्हाच का नाही बोललास?"

"तवा मला खरंच वाटत होतं, का त्यानंच केलं. शपथ घ्यायला लावली असती तर घेतली असती."

पुंडलिक लगेच कामावर आला नाही. निरोप गेला, तरी आला नाही. चौथ्या दिवशी तात्यासाहेब स्वतः मुकुंदवाडीला गेले, तेव्हा आला. पोरीच्या स्थळासाठी तात्यासाहेबांनी पाव्हण्यांकडं शब्द टाकला. ते जुळलं नाही. पुढं उन्हाळ्यात दुसरीकडं जमलं.

कडूबा अजून आडतीवर आहे. आकडा आता मशीन सांगतं. पण मशीन सांगतं ते त्याच्यात टाकलेल्या मुठीपुरतं, आणि ती मूठ पोत्याच्या तळातून काढायची की वरून, हे कुणालातरी ठरवावं लागतं. ते काम कडूबाकडं आहे. दुपारी तो हमालांमध्ये बसून भाकरी खातो.

पुंडलिक त्याच्याजवळ बसत नाही. गोदामात पोती लावून झाली की तो कडूबाला हाक मारतो, दार सताड उघडतो आणि प्रत्येक थप्पी त्याच्यासमोर पुन्हा मोजतो. मग किल्ली त्याच्या हातात न देता मुनीमाकडं नेऊन देतो. रोज. कडूबा उभा राहतो, मोजणी होऊ देतो. मी तिथंच मापाडी. एकदा मी कडूबाला म्हटलं, आता पुरे झालं की, सांगा त्याला. कडूबानं मान हलवली.

"मोजू द्या," तो म्हणाला. "त्यानं माझ्यावर इस्वास का ठेवावा?"